थांबवलेला शेक

भावाचा शेक मी थांबवला. डॉक्टरांनी नव्हे, अंबाजोगाईच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मी.

थोरल्या भावाचं चौसाळ्यात किराणा दुकान. त्याला घशाचा कॅन्सर झाला आणि मोठ्या शहरात राहून तो रोज रेडिएशन घेऊ लागला. आमच्याकडे त्याला शेकच म्हणतात. निम्मे शेक झाल्यावर एका रविवारी तो घरी आला, तेव्हा गळ्याची कातडी काळी पडून सोलली होती. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी त्यानं मला विचारलं, "तू मास्तर हायेस. उद्या जाऊ का नको?"

त्याचे हाल मला बघवेनात. मी पुड्या बांधायचा दोरा घेतला आणि दोन-चार शेंगदाण्यांवर गुंडाळून दाखवला. पेशीत डीएनएचा धागा असाच प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, म्हणालो. किरणांनी तो तुटतो, कधी प्रथिन त्याला असं चिकटतं की सुटता सुटत नाही. पण सवड मिळाली की पेशी बरीचशी दुरुस्ती करून घेते. आठवडाभर थांब, गळा भरून येईल.

"शेंगदाणे लई म्हाग झालेत, मास्तर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.

तो थांबला. गळा खरंच थोडा निवला. पण गाठीतल्या पेशीही त्याच सवडीत आपले धागे सांधत असतील, हे मला सुचलंच नाही. दरवर्षी मुलांना शिकवतो ते.

परत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, थांबायला कुणी सांगितलं? मी शेजारीच उभा होतो.

"मलाच झेपंना," भाऊ म्हणाला.

उपचार संपल्यावरच्या तपासणीत गाठ थोडी उरलेली निघाली. त्या आठवड्यामुळेच का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. त्याच जागी लगेच पुन्हा शेक देता येत नव्हता. आता मी सुट्टीच्या दिवशी जातो, चमच्यानं पेज भरवतो. निम्मी बाहेर येते. दुसरं काही माझ्या हातात नाही.

गेल्या महिन्यात एकदा पेज अर्ध्यावर ठेवून मी बोललो. वहिनी समोरच बसल्या होत्या.

"अण्णा, मी तुला थांबवायला नको होतं. डॉक्टरांपुढंही माझं तोंड उघडलं नाही. चुकलो मी. मला माफ कर. वहिनी, तुम्हीही करा."