पाळणाघर मीच निवडलं

हसायचं तर खुशाल हसा, हातातला चहा तेवढा सांभाळा. ऑफिसात हा किस्सा माझ्या पाठीमागे सांगतात आणि त्यात नको ते घुसडतात. म्हणून म्हटलं, माझी फजिती मीच सांगते. नीट तरी सांगेन.

माझी मुक्ता तेव्हा दोन वर्षांची. नवरा मुंबईत नोकरीला, मी रत्नागिरीत. घरी येऊन मुक्ताला सांभाळणारी बाई अचानक काम सोडून गेली, आणि जो तो मला सल्ले द्यायला मोकळा झाला. सावर्ड्याहून सासूबाई म्हणाल्या, पोरीला माझ्याकडे आणून सोड. आई म्हणाली, नोकरीच सोड. नवरा म्हणाला, तुम्ही बायका ठरवा. मी सगळ्यांना सांगून टाकलं, नोकरी सोडणार नाही आणि पोरीलाही सोडणार नाही. पाळणाघर बघेन, आणि तेही मीच निवडेन.

मैत्रिणीने शिरगावातलं एक पाळणाघर सुचवलं. पिवळं घर, पुढे चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, पोरांचा गलका रस्त्यावर ऐकू येतो, चुकायचा प्रश्नच नाही म्हणाली. फोन करून शनिवारी अकराची वेळ घेतली, अठरा प्रश्न वहीत लिहिले आणि मुक्ताला कडेवर घेऊन निघाले.

पिवळं घर, गडगा, गलका. सगळं जुळलं. पडवीत साठीच्या एक मुसलमान मावशी, आता मी त्यांना खाला म्हणते, पोरांना भात भरवत होत्या. मी वही उघडली. मुलं किती? पाच. लसी झाल्यात? सगळ्या. पाणी उकळता का, संडास कुठे, दुपारी झोपवता का? खाला बिचाऱ्या उठून एकेक दाखवत गेल्या. पोरांच्या आया काय करतात विचारलं, तर एक दवाखान्यात, एक शाळेत. सकाळी सोडतात, संध्याकाळी नेतात. मला हवं होतं ते हेच. पोरं त्यांना नानी म्हणत होती. म्हटलं, किती घरगुती वळण लावलंय.

मारता का, हेही विचारलं.

"मारत नाय. ओरडते मात्र. ते पण लिहायचं काय?" त्या म्हणाल्या.

खरं बोलल्या म्हणून मी त्यापुढेही बरोबरची खूण केली.

"हिला तासभर इथे ठेवते, मी जाऊन येते."

"ठेव गो बाय. एवढ्या उन्हात पोरीला कुठे घेऊन फिरतेस?"

मुक्ता तोवर पोरांत जाऊन बसलीसुद्धा होती. मी नाक्यावर आले, सोडा घेतला आणि पहिला फोन सासूबाईंना लावला. पाळणाघर ठरलं, मुक्ता रमली, काळजी नसावी. आवाज जरा चढाच होता माझा, कबूल. फोन ठेवते तोच दुसरा आला.

"ताई, अकराला येणार होतात ना? मी पाळणाघरातून बोलतेय."

"मी येऊन गेले की. मुलगी तुमच्याकडेच आहे."

"आमच्याकडे कोणी आलंच नाही, ताई."

सोडा तिथेच राहिला. आता सांगा, दोन वर्षांची पोर मी कोणाच्या घरात ठेवली होती? नावही विचारलं नव्हतं. अठरा प्रश्नांत तो एक नव्हता. चप्पल हातात घेऊन पळाले. गल्लीत सगळीच घरं पिवळी दिसत होती.

मुक्ता खालांच्या मांडीवर बसून भात खात होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"झाली सगळी घरं?" खालांनी विचारलं. "गेल्या आठवड्यात सर्वेवाल्या येऊन गेल्या. म्हणाल्या, अजून एक मॅडम येतील."

पाचही पोरं त्यांची नातवंडं होती. पाळणाघर पलीकडे, दोन घरं सोडून. मी खालांच्याच पायरीवर बसून आधी रडले, नंतर सगळं सांगितलं. मग पलीकडचं पाळणाघरही बघून आले. चांगलं होतं. पण अठराही प्रश्न विचारल्यावर माझं मत बदललं नाही, आणि आजही मी तेच म्हणेन, प्रश्न बरोबर होते, निवड बरोबर होती. परत येऊन खालांना सरळ विचारलं, माझ्या मुलीला सांभाळाल का?

त्यांनी मुक्ताचं भाताने माखलेलं तोंड पुसलं.

"पाचात सहावी, मला जड नाय," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी न्यायला तू नको येऊस, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. तू आमचंच एखादं उचलून नेशील."