वाळुंजांतला डबा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल ओढ्याकाठच्या पाणथळीत, वाळुंजाच्या झाडांच्या दाटीत, दोन मुली मोबाइलवर जागा बघत कुणीतरी लपवलेला डबा शोधत होत्या. चप्पल चिखलात रुतली तरी हसत होत्या.

हा खेळ आमच्या गावात माझ्या मित्राने, दत्तूमास्तरने आणला. त्याने याच झाडांत डबा लपवून जागा मोबाइलवर नोंदवली. मी गंमत म्हणून तो पलीकडच्या ढोलीत सरकवला. दत्तू सगळ्यांना घेऊन आला आणि गुडघाभर चिखलात शोधत राहिला.

“मास्तर, डोकं घरी विसरलात की काय?” कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. नंतर सांगायची लाज वाटली.

सरकवलेला डबा आज ना उद्या सापडतो. माणसाचा स्वतःवरचा भरवसा सरकला, तर तो कुठल्या मोबाइलवर दिसणार? त्या दिवसापासून दत्तू लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघू लागला.

जाण्याआधी शेवटचा भेटला तेव्हा म्हणाला, “माझं विसरणं त्या डब्यापासून सुरू झालं, नाही रे?”

‘दत्तू, तू विसरला नव्हतास. माझं चुकलं,’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “चहा घे, निवतोय.”