बोटं पाहा एकदा

ही गोष्ट माझ्या आईला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, आणि जिच्यासोबत घडली तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता, तर मी आधी हाच विचार केला असता की हे वाचून तुम्ही कुणाच्या कानाशी लागणार. माझा स्वभावच तसा, संशयी. भाजीवाल्यानं एक टमाटर जास्तीचा टाकला, तरी मी घरी येऊन पिशवी उलटी करते — सडका तर नाही ना दिला?

मी चित्रं काढते. कॉम्प्युटरवर, टॅब्लेटच्या पेननं. पोटासाठी सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते — वाढदिवसाचे बॅनर, पुढाऱ्यांचे फोटोतून कापलेले चेहरे, त्यांच्याभोवती गुलाबाची फुलं. रविवारी काही मुलामुलींना डिजिटल चित्रकला शिकवते. तिथे हमखास कुणीतरी विचारतंच — मॅडम, आपलं काम भिकार आहे असं वाटत राहतं, चित्र अर्धवट सुटतं, तुम्ही यातून कशा बाहेर आल्या? माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वतःवर विश्वास ठेवा, वाईट का होईना पण पूर्ण करा. मुलं ते लिहून घेतात.

हे उत्तर खोटं आहे. मी अशी बाहेर आले नाही.

कित्येक वर्षं माझं स्वतःचं एकही चित्र पूर्ण झालं नव्हतं. दुकानातलं व्हायचं — गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, बॅनर कसा नाही होणार? पण स्वतःचं म्हटलं की निम्म्यावर हात थांबायचा. कधी पेन खराब, कधी स्क्रीन रंग बरोबर दाखवत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! कुणी छान म्हटलं तर वाटायचं, याचं माझ्याकडे काहीतरी काम असेल. कुणी काहीच म्हटलं नाही तर वाटायचं, मागून हसत असतील.

मग दुकानात रोशनी आली. खापरखेड्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात, राहायला कॉलनीत. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. काम तिला मीच शिकवलं, आणि दुकानाची रीतही. कॉम्प्युटरवरचं चित्र थराथरांनी बनतं — एका थरावर रेघा, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर सावल्या, काचेवर काच ठेवावी तसं. बॅनर छापून झाला की आम्ही सगळे थर एक करतो, शेवटचं चित्र तेवढं ठेवतो आणि मूळ फाइल पुसून टाकतो, नाहीतर आमचा म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकतो. "झालं की एक करून टाकायचं वं, मागचं काही ठेवायचं नाही," असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरगी ऐकणारी. तिनं तीच सवय स्वतःच्या चित्रांनाही लावून घेतली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून आपलं चित्र काढायची. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या, मागे वीज केंद्राची धुराडी, साड्यांवर बसलेली राख, आणि ती झटकणारी तिची आई. राख फार मेल्यासारखी दिसत होती, तेव्हा तिच्यात थोडा जांभळा टाक, हे मीच सुचवलं. आईच्या हाताशी ती खूप दिवस अडली. काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, लहानपणी चुलीत हात भाजलेला. ती बोटं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी जेवले आहे मी — त्याच हातानं त्यांनी माझ्या ताटात भाकर वाढली आहे. रोशनी ती बोटं पुसायची, परत काढायची. तिला शंका येत नव्हत्या असं नाही. येत होत्या, पण ती त्यांना बाजूला बसवून काम करायची. आणि एका दुपारी तिनं थर एक केले, मूळ फाइल पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं ताई."

मला त्या वेळी काय वाटलं? आनंद झाला असं मी तिला म्हटलं. वाटला तो मत्सर. याला दुसरं सभ्य नाव मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आमचा चित्रं काढणाऱ्यांचा एक गट आहे. त्याचं सगळं तेव्हा प्रशांतदादा पाहायचे. त्या वर्षी गटाचं प्रदर्शन होतं आणि रोशनीचं चित्र थेट दारासमोरच्या भिंतीवर लागणार होतं. तिनं घरी सांगून टाकलं होतं, काकूंनी त्या दिवसासाठी साडी काढून ठेवली होती. पण दिवस असे होते की जो तो दुसऱ्याकडे डोळे बारीक करून पाहायचा — हा मशीनकडून, म्हणजे एआयकडून, चित्र बनवून आपलं म्हणून तर आणत नाही ना? आणि मशीनला बोटं जमत नाहीत, हे तर पोरासोरांनाही माहीत झालं होतं.

एका सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर दादा भेटले. मी प्लेटमध्ये चमचा फिरवत म्हटलं, "मी काही म्हणत नाही दादा. पण रोशनीच्या चित्रातली बोटं पाहा एकदा."

बस. यात खोटं काय होतं, सांगा? बोटं वाकडी होतीच की! मी स्वतःला हेच विचारत घरी आले. आणि एवढंच असतं, तर मी तुम्हाला इतक्या दूर फिरवून आणलं नसतं.

दादांनी तिच्याकडे मूळ फाइल मागितली. गटाचा नियमच तो — शंका आली तर थर दाखवा, मशीनच्या चित्राला थर नसतात. तिच्याकडे थर कुठले? "पुसून टाकले दादा, आमच्या दुकानात तसंच करतात," ती म्हणाली. दादा नुसते हसले. मी तिथेच उभी होते. मीही त्याच दुकानातली, रीत मीच शिकवलेली. मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आईलाच घेऊन आली. हॉलमध्ये चित्रं टांगणं चालू होतं. काकू ती ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. सगळ्यांदेखत त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "हे पाहा बाबू, माही बोटं अशीच आहेत." स्टुलावर चढलेली माणसंसुद्धा खाली वाकून पाहायला लागली. दादा ओशाळले. म्हणाले, "काकू, हाताचं नाही हो. हिनंच काढलं, हे कोणी पाहिलं का?"

काकूंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हिनं पाहिलं न! हे तं बाजूलेच बसते. सांग वं पोरी याइले."

इथे माझा हात थांबतो आहे — जुनी खोड. पण आज निम्म्यावर सोडायचं नाही.

मी म्हटलं, "झाल्यावर पाहिलं काकू. काढून राहिली होती, तेव्हा नाही पाहिलं."

काकूंनी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला. रोशनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत राग शोधला, निदान संशय तरी. काहीच नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर ती आईची समजूत घालत होती, "ताई तिच्या कामात राहते वं आई, तिचं लक्ष नसन. जांभळ्या रंगाचं सांगितलं, तेही विसरली असन."

जन्मभर मी साऱ्या जगावर संशय घेतला. एकाच गोष्टीची मला पक्की खात्री होती, आणि नेमकी तीच मी नाकारली.

दारासमोरची भिंत रिकामी राहिली. दादांनी विचारलं, तुझं काही आहे का? मी एक जुनं अर्धवट चित्र उघडलं आणि उद्घाटनाच्या आत पुरं केलं. आयुष्यात पहिल्यांदा हात थांबला नाही. का थांबला नाही? — जिच्याशी मी स्वतःला मोजत होते, तिला मी खोलीबाहेर काढलं होतं म्हणून. चित्र लोकांना आवडलं. त्यावरूनच रविवारचा वर्ग मिळाला. त्यानंतर मी कितीतरी चित्रं पुरी केली, आणि तीही चांगली आहेत, हे त्यातलं सगळ्यात वाईट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात — काकूंनी फोनवर नुसतं 'कशी आहेस' विचारलं, तरी मला वाटतं, यांना कळलं.

रोशनी अजून दुकानात आहे. चित्रही काढते, पण समोर मोबाइल उभा करून, स्वतःच्याच हाताचं शूटिंग करत. थर एक करायची वेळ आली की थांबते. फाइल तशीच ठेवते, दुसरी उघडते. त्या प्रदर्शनानंतर तिचं एकही चित्र पुरं झालेलं नाही. परवा दुपारी डबा उघडता उघडता मला म्हणाली, "ताई, तू कशी काय पूर्ण करतं? मले तं आता माह्यावरच भरोसा नाही राहिला."

मी तिला वर्गातलं उत्तर दिलं. स्वतःवर विश्वास ठेव, म्हटलं. तिनं मान हलवली आणि काकूंनी माझ्यासाठी पाठवलेली भाकर माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली.

ते चित्र रोशनीनं काढलं होतं. रोज दुपारी, बाजूच्या खुर्चीवर बसून. काढताना मी पाहिलं होतं.