माळ खुंटीला कधी जाते?

एका अख्ख्या तालुक्यात एकही माणूस दारू पीत नाही, असा अहवाल मी लिहिला, खाली सही केली आणि वर पाठवून दिला. पुरावा माझ्याकडे होता. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला नर्सनं 'आपण मद्यसेवन करता काय?' असं विचारायचं आणि उत्तरापुढं खूण करायची, असा छापील तक्ता होता, आणि महिनाभराच्या सगळ्या तक्त्यांवर खूण होती 'नाही'पुढं. दारू आणि इतर व्यसनं कशी हुडकायची हे नर्सेसना शिकवायला मला बीडहून या तालुक्याला पाठवलं होतं. मी स्वतः ते पुण्याला तीन दिवसांत शिकलो होतो, त्यामुळे माझ्या ज्ञानाबद्दल मला काडीची शंका नव्हती. तिथल्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांनी मात्र तो अहवाल दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "मग गुत्त्यावर जनावरं जात्यात व्हय?"

या मोठ्या सिस्टरांसमोर पाच मिनिटांच्या वर खोटं बोलू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मोठ्या म्हणजे वयानं. देहानं इतक्या लहान, की सलाईनची बाटली अडकवायला स्टुलावर चढायच्या. नाडी बघताना डोळे मिटून घ्यायच्या आणि ते इतका वेळ मिटलेले असायचे, की रुग्णाला वाटायचं बाई झोपली, आणि मग तो मनातलं काय काय बोलून टाकायचा. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. ताप, वजन, रक्तदाब, सगळं डाव्या तळहातावर लिहायच्या. डॉक्टरांनी एखाद्याची माहिती मागितली की हात पुढं करायच्या आणि डॉक्टर ज्योतिष्यासारखे त्यात डोकं घालून बसायचे. तक्त्यावर उतरवून घेण्याआधी त्यांनी हात धुऊ नयेत, यासाठी मी त्यांच्या मागं मागं फिरायचो. माझं प्रशिक्षण मुख्यतः असं चाललं होतं.

'पिता का?' असा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नाही. शेजारी सासरा बसलेला असताना या प्रश्नाला 'होय' कोण म्हणेल? त्या चारा छावणीपासून सुरुवात करायच्या. छावणीत जनावरं किती आहेत, त्यांच्याजवळ कोण राहतं, मग तुमी सांजच्याला कुठं बसता, संगं कोण कोण असतं, आन किती लागती? पहिल्या चार प्रश्नांना खरं बोललेल्या माणसाला पाचव्यासाठी ऐनवेळी खोटं सुचायचं नाही. बायकांना त्या प्रश्नच विचारायच्या नाहीत. "चंची दाव," म्हणायच्या. एकदा ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईनं कमरेची चंची पालथी केली तर मिश्रीच्या डबीसोबत दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं बाहेर पडली. मोळी डोक्यावर उचलवत नाही म्हणून कारखान्यावर ती दिवसातून चार चार गोळ्या खायची, आणि आता काम नसतानाही तिला त्या सुटत नव्हत्या. मी तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि यासाठी रकाना नसल्याचं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "रकाना न्हाई म्हणून दुखणं बी न्हाई का?" तो रकाना पुढं मी हातानं आखला. पट्टी सिस्टरांनी धरली होती.

वर्ग मंगळवारी भरायचा, गावच्या सहकारी दूध संस्थेच्या सभागृहात. दुष्काळानं दूध आटलं होतं, सभागृह रिकामंच होतं, आणि संस्थेचे चेअरमन मोठ्या मनाचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोलणं लोण्यासारखं. नर्सेससाठी खुर्च्या ते स्वतः मांडायचे. अशा या चेअरमनसाहेबांना छावणीत चाऱ्याची गाडी आली तेव्हाच्या रेटारेटीत एका बैलानं उडवलं आणि मांडीचं हाड मोडून ते आमच्याच दवाखान्यात दाखल झाले.

मला वाटलं, प्रात्यक्षिकाला याहून चांगला रुग्ण कुठला. बारा नर्सेसना मी खाटेभोवती उभं केलं. उशाशी चेअरमनांची बायको, पायाशी निम्मं गाव. तक्ता हातात घेतला, गळ्यातली माळ पाहिली आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, की माळकऱ्याला हा प्रश्न विचारणंसुद्धा पाप आहे. आणि 'नाही'पुढं ठसठशीत खूण केली. गावानं माना डोलावल्या, चेअरमनांनी हात जोडले. सिस्टर फक्त त्या जोडलेल्या हातांकडे बघत होत्या.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. हात थरथरताहेत, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, हाड मोडल्यावर कुणाचेही थरथरतील; आणि पुन्हा विचारून त्यांचा अपमान करू नका, सभागृह त्यांचं आहे. सिस्टर हळूच म्हणाल्या, "मागल्या दुष्काळात याच खाटेवर एक गडी गेला, साहेब. रोज पिणारा. हितं आल्यावर दारू एकदम तुटली. तिसऱ्या दिशी झटके आले. तवा त्याला कुणी इचारलंच न्हवतं. मी बी न्हाई."

त्या थेट वॉर्डात शिरल्या आणि सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "टँकर आला म्हणं चौकात." दुष्काळातल्या गावाला एवढं पुरतं. घटकाभरात वॉर्डात चेअरमन, त्यांची बायको, सिस्टर आणि मी एवढेच उरलो. टँकर दोन दिवसांनी आला.

सिस्टरांनी चेअरमनांचं मनगट धरलं, डोळे मिटले. गाईगुरांचं विचारून झालं, संस्थेचं झालं. मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "माळ खुंटीला कधी जाती?"

आमच्याकडे माळकऱ्यानं प्यायचीच झाली तर आधी माळ उतरवून खुंटीला अडकवायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फक्त चेअरमनांच्या घरात खुंटी असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तोंड उघडलं, छे छे, साहेब तसे नाहीत, असं म्हणणार, तेवढ्यात सिस्टरांनी डोळे न उघडता माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला. मी जिभेखाली पारा धरून उभा राहिलो. चेअरमनांनी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

"सांजचं दूध घालून झालं की," चेअरमन म्हणाले.

"आन सकाळी?"

चेअरमनांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. "सकाळी बी. त्याबिगर हात ठरत न्हाईत. दुधाचं फॅट बघाया नळी धरवत न्हाई."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. सिस्टरांनी डोळे उघडले, तळहातावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टरांकडे हात घेऊन गेल्या. औषध त्याच दुपारी सुरू झालं. तिसऱ्या दिवशी चेअरमन घामानं निथळले, खाट हलली, गाईंना नावानं हाका मारून झाल्या. पण झटका आला नाही. सिस्टर दोन दिवस घरी गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी चेअरमनांनी भाकरी मागितली, आणि मी अख्ख्या दवाखान्याला पेढे वाटले. माझा ताप, जाता जाता सांगतो, थर्मामीटर खुपसला त्या दिवशी नॉर्मल निघाला होता.

तीन महिन्यांनी, वर्गाच्या शेवटच्या मंगळवारी चेअरमन काठी टेकत सभागृहात आले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नर्सेससमोर उभं राहून म्हणाले, "आमची माळ खुंटीला जात हुती. सिस्टरबाईंनी खुंटीच उपटली." ज्या टाळ्या पडल्या त्या मी अजून विसरलो नाही. बारा नर्सेस बारा गावांना गेल्या आणि तालुक्याच्या तक्त्यांवर 'नाही'च्या शेजारचा रकाना भराभर भरू लागला. लपून पिणारी माणसं उपचाराला येऊ लागली, गोळ्या खाणाऱ्या बाया चंची आपणहून पालथी करू लागल्या. मी पहिला अहवाल रद्द करून नवा पाठवला. लाज वाटली, पण छाती फुगलेलीच होती. एकच अडचण झाली. गावोगावच्या दवाखान्यांत 'टँकर आला' इतक्यांदा म्हटलं गेलं, की खरा टँकर आला तर जागचं कुणी हलेना, आणि ड्रायव्हरनं तहसीलला तक्रार केली.

परवा धर्मापुरीला गेलो होतो. सिस्टर निवृत्त होऊन तिथं भावाकडे राहतात. आता पार वाळल्यात, दिसतंही कमी. हल्ली तो तक्ता मोबाइलवर भरतात, आणि रुग्णाला एकटं गाठून विचारावं, असं त्यात छापलेलं आहे, हे मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मधूनच त्यांनी चेअरमनांची चौकशी केली. त्या दिवसानंतर थेंब नाही, म्हटल्यावर खुशीत मान हलवली. भिंतीवर देवांच्या रांगेत मी त्यांना दिलेलं प्रमाणपत्र काचेत बसवलेलं दिसलं. 'यशस्वीरीत्या प्रशिक्षण घेतले', खाली प्रशिक्षक म्हणून माझी सही. इतकी वर्षं जपलंत, मी म्हणालो.

सिस्टरांनी मान वर करून काचेकडे पाहिलं.

"जपलंय की. पण नाव माजं आन सही तुमची? उलटं छापलंय ते."