तुसाचं पोतं

"भाऊ, हे गेले..." सकिनाभाभींचा फोन आला तेव्हा मी बिरवाडीत एका गिऱ्हाइकाला अपघाती विमा समजावत होतो. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी शहाणं निघावं. माझ्या तोंडून निघालं, "कुठल्या वळणावर?" मग भाभी म्हणाल्या, "वळणावर नाय, भाऊ. खुर्चीत. जेवले, चाय मागितली, मी चाय घेऊन आली तोवर..." रडू यायला हवं होतं. आलंही, पण त्याआधी छातीतून मोठा सुस्कारा सुटला. महाडचे आमचे इस्माईलभाई जातील ते वरंधच्या घाटात, आपल्या जुन्या मोटारसायकलच्या धुडाखाली, असं आम्ही सगळे कित्येक वर्षं धरून चाललो होतो. माणूस घरात गेला, एकही हाड न मोडता.

इस्माईलभाई जुन्या मोटारसायकलींना गार्ड बसवत. गाडी आडवी झाली तर पाय खाली सापडू नये म्हणून पुढे लावतात ना, तो लोखंडी कठडा. पोलादपूर-महाडात जुनी गाडी पाळणारा प्रत्येक वेडा त्यांच्या अंगणात येऊन गेलेला. जुन्या फ्रेमला वेल्डिंग करायचं नाही हा त्यांचा कायदा. "म्हातारी हाय ती. चटके द्यायचे नाय, नुसता हात धरायचा," असं म्हणत ते फ्रेमच्या नळीला ट्यूबचं रबर गुंडाळत आणि त्यावर क्लॅम्प आवळत. पण खरी परीक्षा पुढे असे. अंगणात भाताच्या तुसाने भरलेलं एक भलंमोठं पोतं आडवं पडलेलं असायचं. मालकाने गाडीवर बसायचं आणि आपल्या हाताने ती त्या पोत्यावर पाडायची. पाय मोकळा निघाला तर काम पुरं, नाहीतर क्लॅम्प सोडून पुन्हा सुरुवात. बापाची आठवण म्हणून जपलेली, रोज फडक्याने पुसलेली गाडी पाडताना भलेभले रडकुंडीला आलेले मी पाहिलेत.

माझी गोष्ट वेगळी. मी अतिहुशार. तयार गार्ड मुंबईहून आणला आणि घरीच, मोठ्या आत्मविश्वासाने बसवला. पहिल्याच फेरीत ब्रेकवर ठेवलेला बूट गार्डमध्ये असा अडकला की ना ब्रेक लागेना, ना बूट निघेना. उतारावरून मी थेट इस्माईलभाईंच्या अंगणात घुसलो आणि त्याच पोत्यावर जाऊन थांबलो. आमची ओळख ही अशी. त्यांनी आधी गाडीची विचारपूस केली, मग माझी. गार्ड काढून नीट बसवला आणि म्हणाले, "आता पाडून दाखव."

मी गाडी अलगद कलती करू लागलो. "अरे विमावाल्या, पाळण्यात झोपवतोस काय? पाड!" पाडली. पाय मोकळा निघाला, पण हँडल सोडायचं राहून गेलं, त्यामुळे मीही गाडीपाठोपाठ पोत्यात, तोंडभर तूस. पुढे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते माझी ओळख करून देत, "हा बघ, पोतं खाणारा." त्यानंतर एकदा शिवथरच्या रस्त्यावर खडीवरून खरोखरच घसरलो. गाडी आडवी, मी उभा. सवयीने आधी थुंकून पाहिलं, तूस नव्हता.

एवढ्यांचे पाय वाचवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गाडीला मात्र गार्ड नव्हता. "हकीम आपली गोळी खातो काय?" दर शुक्रवारी नमाजानंतर ते घाटात जात आणि परतीचा फटफटाट ऐकू येईतो भाभी चुलीवर काही चढवत नसत. कान रस्त्याला.

आता त्यांचा आसिफ कुवेतहून आलाय. गेल्या आठवड्यात म्हणाला, अब्बांची गाडी चालवणार. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून दाराच्या पडद्याआड. आतून एवढंच आलं, "आधी गार्ड." अब्बांनीच वाकवून भिंतीला टेकवलेला एक गार्ड होता, तो आम्ही दोघांनी बसवला. म्हणजे आसिफने बसवला, मी पाना दोनदा माझ्याच पायावर पाडला. तो किक मारणार तोच पडदा पुन्हा बोलला.

"पाडून दाखव."

"अम्मी, अब्बांची गाडी हाय ही!"

"म्हणूनच बोलते. पाड."

आसिफ गाडीवर बसला. बराच वेळ नुसता टाकीवरून हात फिरवत राहिला... मग त्याने अंग सोडलं. धप्प! तूस उडाला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तो उभा होता, दोन्ही पायांवर, आणि पडद्याची कड धरलेली भाभींची बोटं सैल झाली होती. "जा आता," त्या म्हणाल्या. "घाटात नको, नाक्यापर्यंत. मी चाय ठेवते."

फटफटाट लांब गेला. गार्डच्या आकाराचा खळगा पडलेलं ते पोतं उचलून भिंतीशी लावावं म्हणून मी वाकलो.

"राहू द्या, भाऊ," आतून आवाज आला. "तुम्ही आलात तवा तुमचा गार्ड खडखडत होता. क्लॅम्प आवळा आणि पाडून दाखवा."

आवळला. बसलो. पाडली. पाय अगदी मोकळा निघाला... हँडल सोडायचं या खेपेलाही राहून गेलं. तोंडातला तूस थुंकत मी पोत्यात बसलो होतो आणि पडद्याआड, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, कुणीतरी खुदकन हसलं.