तोफेच्या धातूचा बुश

केन कॅरिअर थांबला तेव्हा मी शेडमध्येच होतो. कॅरिअर म्हणजे ऊस मिलकडे नेणारा पट्टा. तो बंद पडला की सगळा कारखाना बंद. गिअरबॉक्स उघडला, तर आतल्या बुशचे तुकडे झालेले. बुश म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवतीची जाड धातूची नळी.

गेटबाहेर बैलगाड्यांची रांग होती. दुष्काळातून कसाबसा वाचलेला ऊस उन्हात वाळत होता. स्टोअरमध्ये स्पेअर नव्हता. सोलापूरला ट्रंक कॉल लावला, तर आठवडा लागेल म्हणाले.

"कांबळे, करायचं काय?" चीफ इंजिनिअर माझ्यावर ओरडले.

"ओतून घेऊ, साहेब. गावात भागीरथीबाई ओतारी आहेत."

"त्या देवाचे टाक करतात!"

"धातूच ओततात ना?"

साहेबांनी जीप दिली.

भागीरथीबाईंनी तुकडा उजेडात फिरवून पाहिला. "ह्यो कंचा धातू?"

"गनमेटल. तांबं, कथील, थोडं जस्त. पूर्वी याच्या तोफा ओतायचे, म्हणून हे नाव."

बाई ताडकन उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, ऐकलं का? तोफेचा धातू आलाय घरी!" मग माझ्याकडं वळल्या. "आमचे सासरे सांगायचे, आपली माणसं परंड्याच्या किल्ल्यात तोफा ओतायची. म्या टाक अन् घुंगरं सोडून कायबी ओतलं न्हाय."

मी कारखान्याच्या सुताराकडून लाकडी नमुना करून घेतला. थंड होताना धातू आकसतो, म्हणून जरा मोठा. त्यावरून बाईंनी मातीचा साचा केला आणि तुटक्या बुशात थोडं तांबं-कथील घालून वितळायला टाकलं. अडचण मुशींची होती. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. त्यांच्या मुशी टाकांपुरत्या, बारक्या.

"तीन मुशी एका धारेत रिकाम्या व्हाया पायजेत. धार तुटली की संपलं. साहेब, तिसरी तुमी धरा."

आम्ही तिघांनी ओतलं. साचा फसफसला, ठिणग्या उडाल्या, माझी बाही जळाली. साच्यात ओल राहिली होती. नळीला भोकंच भोकं!

"पुन्हा," बाई हसत म्हणाल्या. "आता साचा चांगला भाजू."

दुसऱ्या वेळी मी चिमटा घट्ट आवळून धरला. बाईंची धार संपत आली, नवऱ्याची सुरू झाली, मग माझी. लाल धातू गपगुमान आत गेला. साचा निवल्यावर बाईंनी तो फोडला, नळीवर हातोडी टेकवली. ठण्ण! कुठं भोक नाही, चीर नाही. आम्ही तिघंही ओरडलो.

लेथवर बुश मापात कातून बसवला. कॅरिअर हलला, तसा गाडीवाल्यांनी गिल्ला केला. चीफ इंजिनिअर स्वतः भागीरथीबाईंना जीपमधून आणायला गेले. त्या मिलसमोर किती तरी वेळ उभ्या होत्या. "लई जोरात फिरतंय की!" एवढंच म्हणाल्या.

बुशनं हंगाम काढला. मी मात्र पुढच्या वर्षी दोन स्पेअर मागवले. थरार एकदाच बरा असतो.