दगडावरून सायकल

हे कंबर धरून घरी बसले तेव्हा मला अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळालं. पाळी पहाटेची. त्या वेळी रिक्षा नसायची आणि चालत निघाले तर घरचा स्वयंपाक राहायचा. सुपरवायझर म्हणाला, "सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर दुसरी बाई बघतो." म्हणजे आठवडाभरात सायकल चालवता यायला हवी होती.

ह्यांनी आपली सायकल देऊन जुनी लेडीज सायकल बदलून आणली. मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती बापाच्या त्या उंच सायकलवर आधीपासूनच कैची मारायची, दांड्याखालून पाय घालून, उभ्यानेच. तिला विचारलं, "कशी शिकलीस गं?"

"शिकले कुठे? येतं."

असली माझी मास्तरीण.

चाळीमागच्या मैदानात मी आधी सगळं विचारून घेतलं. कुठला पाय आधी, वळायचं कसं, पडले तर काय. पोर वैतागली. "आई, बस ना आता!"

बसले. जीव खाऊन पायडल मारते, पण सायकल जागची हलेना. नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक ओरडली, "काय गं, सर्कशीत लागलीस का?" मी घामाघूम. पोरीने पुढे येऊन माझ्या हातांकडे बघितलं.

"आई, तू ब्रेक दाबून ठेवलायस. दोन्ही!"

खरंच होतं. सायकल सुरू व्हायच्या आधीच मी ती थांबवायच्या तयारीत होते. पोरगी पडायची, गुडघा थुंकीने पुसायची आणि परत चढायची. मी पडले की आधी साडी सावरायची, मग कोण बघतंय ते बघायचं, मग रागावून घरी यायचं. हसणाऱ्या बायकांमुळे माझे दोन दिवस फुकट गेले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, हसू देत. मग आली.

म्हणजे चालवता आली. चढता-उतरता शेवटपर्यंत आलं नाही. मैदानाच्या कडेला एक उंच दगड होता, त्यावरून मी बसायची. थांबायला भिंत लागायची. सोमवारी कंपनीच्या भिंतीला खांदा घासत थांबले तेव्हा वॉचमन म्हणाला, "मावशी, भिंत पाडाल!"

म्हटलं, "भोंगा झाला का?"

"अजून नाही."

"मग बाजूला हो."

पुढे कंपनी बंद पडेपर्यंत मी तशीच गेले. मुलगी हात सोडून चालवायला शिकली, मागे मैत्रीण बसवायला शिकली. मला कामावर पोचायचं होतं, तेवढंच मी शिकले.

आता आम्ही बदलापूरला राहतो. मध्यंतरी अंबरनाथला गेले होते. मैदानावर सात मजली इमारत आहे, गेटपाशी फुलांच्या कुंड्या. मी दगड शोधत राहिले. मुलगी म्हणाली, "काय बघतेस?"

म्हटलं, "इथून चढायचे मी."